बिजलीबरोबर बालाघाटात: हिवाळ्यातल्या डोंगरवाटा आणि कुत्र्याची काळजी

मराठवाड्यात कुत्र्याला सोबत घेऊन डोंगर हिंडायचा असेल तर हिवाळ्याखेरीज दुसरा ऋतू नाही. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि बालाघाटाचा काळा खडक दिवस मावळल्यावरही कितीतरी वेळ तापलेला राहतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल कुत्र्याच्या बोटांमध्ये गोळे होऊन बसतो, ओल्या गवतात गोचिडांचा सुळसुळाट असतो आणि एरवी कोरडा असणारा ओढा कधी भरून येईल याचा नेम नसतो. उरतात ते दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतचे महिने. या महिन्यांची वाट मी आणि माझी कुत्री बिजली दोघेही सारख्याच ओढीने पाहतो. मात्र थंडी आहे म्हणजे कुत्र्याला डोंगरात काही त्रास होणार नाही, ही सर्रास आढळणारी समजूत मला मुळीच पटत नाही. आपला हिवाळा बर्फाचा नव्हे. तो कोरड्या हवेचा, वाळल्या गवताचा आणि आटत जाणाऱ्या पाण्याचा हिवाळा आहे. त्यात पहाटे काकडायला होते आणि दुपारी सावली शोधावी लागते. कुत्र्याला डोंगरात कसे न्यावे याविषयी जे काही वाचायला मिळते ते बहुतेक बर्फाच्या मुलखातले असते, म्हणून आपल्या मुलखापुरते काही लिहावे असे फार दिवसांपासून मनात होते.

अंबाजोगाईला राहणाऱ्या माणसाला डोंगर शोधत जावे लागत नाही, कारण गावच बालाघाटावर वसलेले आहे. बालाघाटाची रांग बीड, धाराशिव, लातूर असे जिल्हे ओलांडत नांदेडकडे जाते. तिच्या उत्तर उताराचे पाणी थेट गोदावरीकडे धावते, तर दक्षिणेकडचे मांजरा आणि सीना या नद्यांकडे वळते. उंची साधारण ५५० ते ८०० मीटर, म्हणजे सह्याद्रीच्या मानाने काहीच नाही. पण कुत्र्याच्या दृष्टीने पाहिले तर या डोंगरासारखा सोयीचा डोंगर नाही. माथा सपाट माळाचा आहे, त्यावर मैलोन्‌मैल चालता येते, आणि कडेला आले की एकदम दरी लागते. मुकुंदराजांची समाधी आहे ती दरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. सह्याद्रीत दोर, शिड्या आणि खडकात खोदलेल्या पायऱ्या आडव्या येतात व तिथे कुत्र्याला उचलून घ्यावे लागते. बालाघाटात मेंढरांनी पाडलेली वाट दरीत उतरते आणि मेंढरू जिथून उतरते तिथून कुत्रे बिनघोर उतरते.

बिजली कारवान जातीची आहे. लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यातले जानवळ हे गाव या कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांच्या बरोबरीने श्वान प्रदर्शनही भरते, तिथे अशी कुत्री हौसेने आणली जातात. उंच पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब निमुळते तोंड आणि अंगावर जेमतेम बोटभरही नसलेले केस. ज्यांना ही जात ठाऊक नाही ते तिला उपाशी समजतात. एका वस्तीवरच्या आजींनी तर मला चांगलेच फैलावर घेतले होते: “लेकरा, कुत्रं लई रोडलंय, खायाला घालतूस का न्हाई?” फासळ्या दिसणे हा या जातीचा बांधाच आहे हे मी त्यांना समजावून सांगितले, तरी त्यांनी अर्धी भाकरी दुधात कुस्करून तिच्यापुढे ठेवलीच.

हा बांधा डोंगरात चालताना सतत ध्यानात ठेवावा लागतो. कारवान हा नजरेने शिकार हेरून वाऱ्यासारखा सुटणारा कुत्रा आहे. त्याचे शरीर थोड्या अंतराच्या प्रचंड वेगासाठी घडलेले आहे, दिवसभराच्या चालीसाठी नव्हे. चाल त्याला सवयीने येते, पण ती सवय दिवाळीच्या आधीपासून सपाट रस्त्यावर हळूहळू वाढवत न्यावी लागते. अंगावर चरबी नसल्यामुळे त्याला थंडीही लवकर बाधते. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पहाटेचे तापमान १० अंशांच्या खाली उतरते, वर माळावर वारा असतो, आणि अशा वेळी बिजली थांबली की तिच्या मांड्या थरथरू लागतात. आईने तिच्यासाठी जुन्या लुगड्याचे दोन पदर शिवून बैलाच्या झुलीसारखी एक झूल केली आहे. ती पोटाखाली नाडीने बांधता येते आणि मुख्य म्हणजे सहज सोडता येते. हे सोडणे फार महत्त्वाचे आहे, कारण सकाळी आठला जी झूल हवीशी वाटते तीच साडेनऊला घात करू शकते. दुपारी आपल्याकडे भर हिवाळ्यातही २८ ते ३० अंश तापमान असते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून जिभेवाटे आणि तोंडातल्या ओलाव्यावाटे उष्णता बाहेर टाकतो. त्याच्या शरीराचे तापमान मुळातच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते, त्यामुळे चढावर ते वाढायला वेळ लागत नाही. जीभ टोकाशी पसरट होऊन बाजूला लोंबू लागली, लाळ घट्ट आणि चिकट झाली, कुत्रे प्रत्येक झुडपाच्या सावलीकडे ओढू लागले, की चढ तिथेच थांबवायचा. शेंडा कितीही जवळ दिसत असला तरी थांबायचे.

आता गवताविषयी, कारण माझ्या मते मराठवाड्यातल्या हिवाळी डोंगरात कुत्र्याचा सर्वांत मोठा शत्रू बिबट्या नाही, साप नाही, ते कुसळ आहे. आपल्या माळांवर आणि उतारांवर कुसळी गवत भरपूर असते. पावसाळ्यात कोवळे असताना जनावरे ते आवडीने खातात. दिवाळीच्या सुमारास त्याचे बी पिकते आणि लांब काळसर कुसळे एकमेकांत गुंतून तुऱ्यावर झुपके दिसू लागतात. एक कुसळ हातात घेऊन नीट पाहावे. खाली सुईसारखे टोक, टोकाच्या वर मागे वळलेले तांबूस राठ केस, आणि मागे पीळ घातलेली लांब शेपटी. ते तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा एक थेंब टाकला की शेपटीचा पीळ उलगडू लागतो आणि कुसळ तळहातावर आपोआप वळवळते. वाळले की पुन्हा पीळ बसतो. दवाने उलगडायचे, उन्हाने पिळायचे, असे करत करत हे बी स्वतःला जमिनीत गाडून घेते. मागे वळलेल्या केसांमुळे ते फक्त पुढे सरकते, माघारी येत नाही. निसर्गाने मातीसाठी केलेली ही योजना कुत्र्याच्या कातडीतही तशीच्या तशी चालते. सकाळी दव असते, नंतर ऊन येते, कुत्रे चालत असते, आणि बोटांच्या बेचक्यात अडकलेले कुसळ प्रत्येक पावलाला थोडे थोडे आत जात राहते.

ते कुठे कुठे शिरते हे पाठ असावे: पुढच्या पायांच्या बोटांमध्ये, काखेत, जांघेत, शेपटीखाली, कानाच्या आत, डोळ्याच्या पापणीआड आणि हुंगता हुंगता नाकात. पायात शिरले तर कुत्रे एकच बोट सारखे चाटत बसते आणि तीन-चार दिवसांनी तिथे गळू येते. नाकात गेले तर एकाएकी शिंकांचा सपाटा सुरू होतो. डोळ्यात गेले तर एक डोळा मिटून पाणी गळू लागते. कानात गेले तर कुत्रे डोके एका बाजूला कलते करून झटकत राहते. बिजलीच्या कानातून पशुवैद्यकांनी लांब चिमट्याने एक कुसळ काढलेले मी समोर उभा राहून पाहिले आहे. आत जाऊन ते मऊ पडले होते, पण टोक तसेच धारदार होते आणि पडद्याच्या अगदी जवळ पोचले होते. त्या दिवशी सकाळी डोके झटकणे सुरू झाले होते आणि दुपारी आम्ही दवाखान्यात होतो, म्हणून कान वाचला. कान आणि डोळा या दोन ठिकाणी उद्यावर ढकलायचे नसते. पायातले कुसळ बाहेर दिसत असेल तर चिमट्याने सरळ रेषेत ओढून काढावे; आत मोडले असेल तर सुईने कोरत बसू नये, कारण त्याने ते आणखी आत जाते.

यावर खरा उपाय म्हणजे वाट निवडणे. नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये मी बिजलीला गवताळ उतारावर नेतच नाही. गाडीवाटा, वनविभागाने वणवा अडवण्यासाठी साफ केलेल्या जाळरेषा, मेंढरांच्या रुळलेल्या वाटा आणि ओढ्यांची वाळूची पात्रे एवढ्यावरच आमची चाल असते. जानेवारी सरत आला की गवत कापले गेलेले असते, चरून संपलेले असते किंवा आडवे झालेले असते, आणि तेव्हा उतार मोकळे होतात. दिवाळीच्या आधीच तिच्या बोटांमधले केस कात्रीने बारीक करून घेतो. घरी आल्यावर पाणी पाजून झाले की दिव्याखाली बसवून डोक्याची बारीक दातांची फणी अंगभर उलट फिरवतो, मग प्रत्येक बोट फाकवून पाहतो. याला वेळ लागतो, पण तो द्यायचाच. सराटे, बोरीचे काटे, हिवराचे आणि वेड्या बाभळीचे काटेही याच वेळी सापडतात. ते मात्र कुत्रे स्वतःच पाय वर धरून दाखवते.

पाण्याचा हिशेब सोपा आहे आणि तरीही बहुतेक जण तो करत नाहीत. घरी आराम करणाऱ्या कुत्र्याला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. बिजलीचे वजन २२ किलोच्या आसपास आहे, म्हणजे नुसत्या बसण्यालाच सव्वा लिटर. चढ, ऊन आणि कोरडा वारा यांत ते कितीतरी वाढते. वाटेत पाणी मिळेलच असे धरून निघू नये. आपल्याकडचे ओढे डिसेंबरपर्यंत डबक्यांवर येतात आणि जानेवारीत तीही तुटतात. पाझर तलावांत पाणी असते, पण ते पाहून घ्यावे लागते. पाण्यावर हिरवट-निळसर साय धरली असेल, काठाला रंग सांडल्यासारखा पट्टा दिसत असेल, तर त्या शेवाळात असे विष असू शकते की कुत्रे काही तासांत दगावते. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजारही होतो. त्याची लस वर्षाच्या लशींत मिळते, ती घेतलेली असावी. वाहत्या पाण्यावर उतरू द्यायला हरकत नाही. एरवी मी पाठीवरच्या पिशवीत तिचे पाणी वेगळे घेतो आणि थोडे थोडे, पुन्हा पुन्हा पाजतो. चढून आल्याआल्या तिला पोटभर पाणी पिऊ देत नाही; धाप बसू दिल्यावर देतो.

कुठे जायचे याइतकेच कुठे जायचे नाही हेही ठरवावे लागते. गौताळा-औट्रामघाट, येडशी-रामलिंग घाट, पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर ही आपल्याकडची अभयारण्ये आहेत आणि हिवाळ्यात ती फार सुंदर असतात, पण तिथे कुत्रा नेऊ नये. काही जण विचारतात की साखळीला बांधलेल्या कुत्र्याने जंगलाचे काय बिघडते. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखाणिया परिक्षेत्रात २० हून अधिक सिंह दगावले आणि मेलेल्यांपैकी काहींच्या तपासणीत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू आढळला. हा आजार कुत्र्यांत नेहमीचा आहे. लस न घेतलेला कुत्रा तो लाळेतून, शिंकेतून आणि विष्ठेतून सोडत जातो, आणि कोल्हा, खोकड, बिबट्या यांना कोणी लस देत नाही. याखेरीज कुत्र्याचा नुसता वास राहिला तरी त्या भागातले लहान प्राणी काही काळ तिथे फिरकत नाहीत. म्हणून अभयारण्य पाहायचे असेल तेव्हा मी एकटा जातो. संरक्षित स्मारकांचेही तसेच आहे; प्राचीन स्मारकांच्या १९५९ च्या नियमांत देखभालीच्या कामाखेरीज जनावर आत आणायला मनाई आहे, तेव्हा देवगिरीच्या दरवाजात पहारेकऱ्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

बिबट्याविषयी बोलताना आवाज चढवण्याची गरज नाही, पण डोळेझाकही नको. नोव्हेंबर २०२० मध्ये आमच्याच बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे मेली, ती आठवण अजून ताजी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तर यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ चालत चालत थेट येडशीच्या जंगलात येऊन पोचला. वाघ हा पाहुणा असतो, बिबट्या मात्र शेजारी आहे, आणि कुत्रे हे त्याचे आवडते खाद्य आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. म्हणूनच मी अंधारात निघत नाही आणि अंधारात परतत नाही. सूर्य चांगला वर आल्यावर चालायला लागायचे आणि अकरापर्यंत सावलीला यायचे. किंवा दुपारी साडेतीनला निघून दिवस मावळायच्या आत गावाजवळ पोचायचे. डोंगरात तंबू ठोकून कुत्र्यासह मुक्काम करण्याची हल्ली जी हौस वाढली आहे, ती निदान बालाघाटात तरी मला धोक्याची वाटते. आठ फुटांच्या आत साखळी, दाट झुडपाच्या कडेने चालताना कुत्रे दरीच्या बाजूला नव्हे तर आपल्या दोन माणसांच्या मध्ये, आणि एकट्याने जायचे नाही, एवढे पाळले तरी बरेच झाले.

साखळीवरून माझे अनेकांशी वाद झाले आहेत. डोंगरात आल्यावर कुत्र्याला मोकळे सोडायचे नाही तर मग आणायचे कशाला, असे लोक विचारतात. कारवानाच्या बाबतीत उत्तर उघड आहे. झुडपातून ससा उसळला की बिजली डोळ्याचे पाते लवायच्या आत सुटेल, आणि त्या क्षणी तिला हाक ऐकू येणार नाही. तो तिचा दोष नव्हे, शेकडो वर्षे माणसानेच तिच्या जातीला त्यासाठी घडवले आहे. पण वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार कुत्र्याकरवी प्राण्याचा पाठलाग करणे हीही शिकारच ठरते, मग ससा हाती लागो वा न लागो. त्याहून मोठे कारण शेताच्या कडेला आहे. रानडुकरांपासून तूर-हरभरा राखण्यासाठी शेतकरी झटका मशीनची तार ओढतात. तिचा झटका जीवघेणा नसतो. पण कुठे कुठे थेट विजेचा प्रवाह सोडलेला असतो आणि त्याने माणसेही गेली आहेत. फासे लावलेले असतात. कणकेच्या गोळ्यात गावठी स्फोटक भरून डुकरांसाठी ठेवण्याचा क्रूर प्रकार अजून पुरता बंद झालेला नाही, आणि त्या गोळ्याला तोंड घालणाऱ्यांत कुत्री असतात. “सोड” म्हटले की तोंडातले टाकायचे, हा एक धडा कुत्र्याला पक्का शिकवल्याखेरीज त्याला डोंगरात आणूच नये. बिजली तो शेंगदाण्याच्या दाण्यांवर शिकली.

हिवाळ्यात माळावर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह पडलेले तळ, उतरलेले असतात. त्यांची कुत्री रात्रभर लांडग्यावर आणि बिबट्यावर जागलेली असतात, दिवसाही ती कळपापासून दूर जात नाहीत, आणि परक्या कुत्र्याला ती मुळीच खपवून घेत नाहीत. वाडा दिसला की लांबच उभे राहावे, आवाज द्यावा आणि वाड्याचा माणूस कुत्री आवरेपर्यंत हलू नये. एका म्हाताऱ्या धनगराने मला पहिल्याच भेटीत सांगितले होते, “सर, कुत्रं जवळ धरा आन् वाऱ्याच्या खालच्या अंगानं या, मेंढरं बुजतेत.” वाऱ्याच्या खालच्या अंगाने, म्हणजे आपला आणि कुत्र्याचा वास कळपावर जाणार नाही असे. तेव्हापासून मी कोणत्याही कळपाजवळून जाताना आधी गवताची पाती कुणीकडे झुकली आहेत ते पाहतो.

बालाघाटातल्या हिवाळ्याची आणखी एक गोष्ट बाहेरून येणाऱ्याच्या लक्षात येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास वाड्या-तांड्यांवरची धडधाकट माणसे ऊसतोडीला जातात. ट्रॅक्टर आणि ट्रक भरून माणसे, बैल, भांडीकुंडी, लहान लेकरे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. आम्ही ज्या महिन्यांत डोंगर हिंडतो, नेमक्या त्याच महिन्यांत डोंगरातल्या वस्त्या रिकाम्या असतात. कडी-कुलुपे लागलेली असतात, ओट्यावर एखादी आजी दोन नातवंडांना सांभाळत बसलेली असते, आणि दारात कुत्री असतात. काही कुत्री ऊसतोड्यांच्या बैलगाडीमागे जातात, काही मागे राहतात. मागे राहिलेली कुत्री कुलूप लावलेल्या उंबऱ्यावरच झोपतात; दुसऱ्याच्या दारात, जिथे निदान तुकडा मिळेल तिथे, ती जात नाहीत. मी हे वर्षानुवर्षे पाहतो आहे आणि दर वेळी मला ते सोसत नाही. म्हणून निघताना बिजलीच्या शिदोरीबरोबर ज्वारीच्या जास्तीच्या भाकरी घेतो. आधी बिजलीला लांब झाडाला बांधतो, सोबत्याला तिच्याजवळ उभे करतो आणि मग भाकरी वेगवेगळ्या ठिकाणी टाकतो, कारण एका जागी टाकली की भांडणे होतात आणि त्यात लहान कुत्र्यांचे हाल होतात. वस्तीवरच्या लेकरांना एवढेच सांगून ठेवले आहे की कोणतेही कुत्रे चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस घ्यायची. हळद, चुना, तिखट काही लावायचे नाही. आपल्याकडे अजूनही जखमेवर तिखट भरणारे लोक आहेत.

सापांबद्दल थोडक्यात सांगतो. हिवाळ्यात साप नसतात हा समज खोटा आहे. घोणस नेमकी थंडीतच जोडीच्या शोधात हिंडते, आणि सकाळच्या उन्हाला वाटेवर वेटोळे घालून पडते. फुरसे सपाट दगडाखाली असते. कुत्र्याला दंश बहुधा नाकाडावर किंवा पुढच्या पायावर होतो. अशा वेळी वर घट्ट बांधणे, चिरा देणे यातले काही करू नये आणि कुत्र्याला चालवूही नये. माझ्या पिशवीत एक जाड चादर कायम असते. तिची झोळी करून दोन माणसे २२ किलोचे कुत्रे खाली आणू शकतात. दवाखान्यात सर्पदंशावरचे प्रतिविष आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारून ठेवलेले बरे. कड्यांना आग्या मोहोळ असते, तिथे आवाज, धूर आणि अत्तर यांपासून दूर राहायचे, हे कुत्रे नसतानाही लागू आहे.

खाण्याच्या बाबतीत हिवाळा कुत्र्यासाठी मोहाचा असतो. वाटेतल्या शेतात आगटी पेटलेली असते, ओळखीचे लोक हुरड्याला हाक मारतात, आणि मराठवाड्यातल्या माणसाला ती हाक मोडवत नाही. लातूर-धाराशिवकडच्या येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, तर रानात पंगतीच बसतात. भज्जी, आंबील, उंडे यांचा घमघमाट सुटलेला असतो आणि कौतुकाने कुत्र्यापुढेही वाढले जाते. साधी ज्वारीची भाकरी, थोडे ताक, भाजलेल्या हुरड्याचे चार दाणे यांनी काही बिघडत नाही. पण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, द्राक्षे आणि मनुका त्याची मूत्रपिंडे बिघडवतात, म्हणून लसणाच्या चटणीला लागलेला हातही तिला चाटू देत नाही. यजमानांना हे नम्रपणे सांगितले की ते समजून घेतात. हरभऱ्याच्या शेतातून पहाटे कुत्रे नेऊ नये, हेही याच ओघात सांगतो. पानांवरच्या दवात आंब उतरलेली असते, ती पायांना लागते आणि ते चाटून त्याचे तोंड आंबते. शिवाय घाटे अळीसाठी फवारणी झालेली असू शकते आणि पीक तर दुसऱ्याचे असतेच. बांधावरून जावे.

इतक्या खबरदाऱ्या वाचून कोणाला वाटेल की मग हा सोस कशासाठी. मी एकटा चालतो तेव्हा माझी नजर समोरच्या शेंड्यावर असते. बिजलीबरोबर चालताना ती जिथे थांबते तिथे थांबावे लागते, आणि ती थांबते तिथे काहीतरी असतेच: साळिंदराचा पडलेला काटा, खोकडाच्या बिळाबाहेरची ताजी माती, रात्री कोणीतरी उकरलेले वारूळ, मोराची पिसे विखुरलेली जागा. दरीच्या काठावर ती वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, नाकपुड्या हलत राहतात, कान मागे पडतात, आणि खाली घाटातून कोणी वर येत असेल तर मला ते दिसण्याच्या कितीतरी आधी तिला कळलेले असते. बालाघाट लहान डोंगर आहे असे म्हणणाऱ्यांनी एकदा अशा सोबतीने तो चालून पाहावा.

महाशिवरात्रीनंतर मी तिला वर नेत नाही. तोवर पाझर तलाव तळाला गेलेले असतात, सकाळी नऊलाच खडक तळव्याला पोळू लागतो आणि उरल्यासुरल्या गवताला वणवे लागायला सुरुवात होते. खडक पोळतो की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे: हाताची मागची बाजू त्यावर टेकवायची, आणि सात आकडे मोजेपर्यंत ठेववली नाही तर कुत्र्याचा पायही तिथे ठेवायचा नाही. मग मृगाचा पाऊस पडेपर्यंत तिचे फिरणे पहाटे गावालगतच्या मातीच्या रस्त्यावर होते, लशींचे राहिलेले डोस याच काळात पुरे होतात, आणि पुढच्या दिवाळीसाठी कोणत्या उतारावर गवत दाट राहिले होते याची टिपणे मी वहीत लिहून ठेवतो.